वहिनी, मान वर आहे

वहिनी, तू गेल्यापासून आमच्या आमटीत मीठ नव्हतं. तुम्हा नेपाळच्या राई लोकांत घरातलं माणूस गेलं की काही दिवस मीठ आणि तेल वर्ज्य असतं, हे तूच कधीतरी सांगितलं होतंस. पण ते मला लागू होतं का, हे विचारायला आता तूच नव्हतीस. मग मीच ठरवून टाकलं. दाजूंनी, म्हणजे तुझ्या नवऱ्यानं, मला बहीण मानलं, म्हणून मी तुझी नणंद, आणि भावजय गेल्यावर नणंदेनं चमचमीत खावं हे कुठल्याच देशात शोभत नाही. आमचे हे पहिल्या घासाला थांबले. "मीठ विसरलीस?" मी म्हटलं, "नाही, सुतक आहे." त्यांनी निमूटपणे सगळी आमटी संपवली आणि वाटी खाली ठेवताना म्हणाले, "सुनमायासाठी खाल्ली हं. अदरवाइज धिस इज क्रुएल्टी." तू असतीस तर टेबलावर डोकं टेकून हसली असतीस, असं लिहिणार होते. पण डोकं टेकणं तुझ्यात बसायचं नाही. तू मान मागे टाकून हसायचीस, छताकडे बघत, आणि शेजारच्या मिसेस कॉलिन्सना भिंतीपलीकडून कळायचं की तू आमच्याकडे आली आहेस.

आपलं भांडण तू अर्धवट टाकून गेलीस, म्हणून हे लिहायला बसले आहे. दुसरं कारण म्हणजे हॉस्पिटलात तू माझ्यावर टाकलेलं काम. बोलण्याचं त्राण नव्हतं, तरी माझं मनगट धरून म्हणालीस, "नन्द, दाजूंची मान खाली जाऊ देऊ नकोस." मी म्हटलं, "तू घरी ये आणि तूच बघ." तू डोळे मिटलेस आणि हसलीस. त्या कामाचं काय झालं, ते तुला सांगायला हवं.

पण मी आपली सुरुवातीपासून सांगणार. मला मधूनच सुरू करता येत नाही, हे तुला माहीत आहे.

इंग्लंडातल्या या स्लाऊमध्ये आम्हाला वीसेक वर्षं होऊन गेली होती, तेव्हा तुम्ही आलात. दाजू ब्रिटिशांच्या गुरखा पलटणीतून निवृत्त झालेले. कायदा बदलला, इथे राहायची परवानगी मिळाली आणि आमच्याच रस्त्यावर पाच घरं सोडून तुम्ही घर भाड्यानं घेतलंत. मला हे काही ठाऊक नव्हतं. मी तुला पहिल्यांदा पाहिलं ते अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलनं भाजी लावायला दिलेल्या जमिनीच्या तुकड्यांवर. माझ्या मेथीच्या वाफ्याला लागून नेटलचं रान माजलं होतं. हात लागला की तासभर आग होते, असलं ते तण. मी त्याला शिव्या घालत फावडं आणायला गेले आणि परत येते तर एक ठेंगणी बाई स्वयंपाकाच्या चिमट्यानं त्याचे कोवळे शेंडे खुडून पिशवीत भरते आहे. मला वाटलं, बिचारीला माहीत नाही. मी धावत गेले, "नो, नो! व्हेरी पेनफुल!" तू शांतपणे माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "नो पेन. सूप."

संध्याकाळी तू त्या नेटलचं, म्हणजे तुमच्या सिस्नूचं, वाटीभर सूप घेऊन दारात हजर. हिरवंगार, आल्याचा वास येणारं. मी एक चमचा घेतला, मग वाटीच तोंडाला लावली. ज्या तणाला मी वीस वर्षं उपटून फेकत होते ते इतकं चविष्ट असावं, याचा मला मनापासून राग आला.

मग तुझं घर बघितलं. तुमच्या एअरिंग कपबोर्डमधून, गरम पाण्याच्या टाकीवरच्या त्या कपाटातून, असा काही वास येत होता की मला वाटलं बॉयलरखाली उंदीर मेला आहे. तू दार उघडलंस. टॉवेलात गुंडाळलेलं भिजवून शिजवलेलं सोयाबीन, ऊब देऊन आंबायला ठेवलेलं. किनेमा. मी तुला हाताला धरून माझ्या घरी आणलं आणि माझं कपाट उघडून दाखवलं. आत फडक्यात बांधलेली मटकी, बोटभर मोड आलेली. माझी लेक ईशा तेव्हा घरी होती. "मम, दोघींचा टॉवेल्स सेम स्मेल करतो. इट्स रिव्होल्टिंग," ती म्हणाली. तू तिला विचारलंस, "मुली, तुला काय आवडतं?" ती म्हणाली, "पास्ता." तू इतक्या करुणेनं तिच्याकडे पाहिलंस की ती पुढे कितीतरी दिवस तुझ्यासमोर पास्ता खाईना.

आपण दोघी हिंदीत बोलायचो. म्हणजे आपण त्याला हिंदी म्हणायचो. त्यात अर्धं तुझं नेपाळी, अर्धं माझं मराठी, आणि अडलं की इंग्लिश. एखाद्या हिंदीच्या मास्तरांनी ते ऐकलं असतं तर नोकरी सोडली असती. पण तुमच्याच घरात दोन भाषा होत्या, हे कळल्यावर मला धीर आला. तुमच्यात म्हणे डोंगर बदलला की बोली बदलते. दाजूंची बान्तवा, तुझ्या माहेरची कुलुङ, दोघांचा संसार नेपाळीत. आणि दाजूंवर रागावलीस की तू थेट माहेरच्या बोलीत शिरायचीस. दाजू मला म्हणायचे, "बहिनी, चाळीस वर्षं झाली, हिनं मला नेमकं काय म्हटलंय ते मला अजून माहीत नाही. म्हणून तर संसार टिकला."

आता ते तीन दगड.

मागच्या खोलीत जुनी फायरप्लेस होती, आणि तिच्यात तू तीन दगड मांडले होतेस. नदीतले, गुळगुळीत, डोकं वर काढून उभे. मी पहिल्यांदा एकटीच त्या खोलीत गेले तेव्हा तू चहा करत होतीस. आता मी मराठी बाई. उभा दगड दिसला, तोही कोनाड्यात, समोर आल्याचा तुकडा ठेवलेला, म्हणजे तो देवच असणार. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला दगड दिसला तरी हात जोडतात. माझ्या पर्समध्ये कुंकवाची डबी असतेच. मी वाकले, तिन्ही दगडांना हळदकुंकू लावलं, डोकं टेकवलं, आणि वर तुझ्या कुंडीतलं एक जिरेनियम तोडून वाहिलं. तू ट्रे घेऊन आत आलीस आणि दारातच थिजलीस.

"ए," तू म्हणालीस, "तू माझ्या चुलीला का रंगवलंस?"

ती चूल होती. तुमच्या घरातली सगळ्यात पवित्र जागा. त्या तीन दगडांत तुमचे पूर्वज राहतात, आणि घराबाहेरच्या माणसानं त्यांना हातही लावायचा नसतो. दाजूंच्या गावच्या नदीतून आणलेले ते दगड. विमानतळावर बॅग उघडून साहेबानं विचारलं होतं, "व्हॉट इज धिस?" आणि तू सांगितलं होतंस, "किचन." सात समुद्र ओलांडून आलेल्या त्या पूर्वजांना मी दोन मिनिटांत सवाष्ण करून टाकलं होतं. मी ओल्या फडक्यानं पुसायला निघाले तर तू ओरडलीस, "परत हात लावू नकोस!" मग दाजूंना हाक मारलीस. दाजू आले. दगडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मिशीच्या एका टोकाला पीळ दिला. म्हणाले, "बाहेरच्यानं हात लावायचा नाही. पण हात तर लागला. मग एकच उपाय आहे. ही बाहेरची नाही."

आल्याच्या चकत्या करून त्यांनी दगडांसमोर ठेवल्या, घरी आंबवलेली दारू, जांड, शिंपडली आणि पूर्वजांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. मी विचारलं काय सांगितलं. "सांगितलं की ही आमची चेली, म्हणजे घरची मुलगी, माझी बहीण. लांब दिली होती, आता परत आली. वेडी आहे पण मनानं चांगली आहे." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाजूंची बहीण म्हणजे तुझी नणंद! मी तिथल्या तिथे म्हटलं, "मग चहा गार झालाय, वहिनी. दुसरा कर." तू ट्रे आदळलास आणि तुझ्या माहेरच्या बोलीत मला पहिली शिवी दिलीस. त्या दिवसापासून मी तुला नावानं हाक मारली नाही.

कुंकू मात्र दगडांच्या खरबरीत भागात मुरलं ते मुरलंच. मधल्या दगडावर अजून गुलाबी छटा आहे. काल पाहिली.

नणंद झाल्यावर मी माझे सगळे हक्क बजावले. तुझ्या लोणच्यात मीठ जास्त, तुझ्या पडद्यांचा रंग भयंकर, तू गॅस मोठा ठेवतेस. तूही कमी नव्हतीस. माझं वरण पाण्यासारखं, माझी ईशा वाळलेली, माझा नवरा बोलतो फार. आणि आपलं मुख्य भांडण म्हणजे वाकण्याचं. "तुम्ही लोक दिसेल त्याच्यापुढे वाकता," तू म्हणायचीस. "दगड, माणूस, पुस्तक, पाय लागला तर पाय लागल्याबद्दल. दिवसभर वाकून वाकून तुमची साया घरंगळून पडत असेल." साया म्हणजे माणसाच्या डोक्यात, टाळूवर राहणारं तेज. ती वर असली की माणूस खातो, हसतो, भांडतो. दुःखानं ती खाली येते, आणि मग माणूस चालता-बोलता असला तरी आत कुणी नसतं. म्हणून तुमच्यात एकमेकांची डोकी वर उचलायचा विधी असतो. मी म्हणायचे, "वाकणं म्हणजे हरणं नव्हे गं, आदर आहे." तू म्हणायचीस, "आदर डोळ्यात बघून करता येतो." मी म्हणायचे, "देवाच्या डोळ्यात बघायचं?" तू म्हणायचीस, "मग काय, त्याच्या पायात काय बघण्यासारखं आहे?"



वसंतात तुम्ही मला साकेलाला नेलंत. पेरणीच्या आधी धरतीला नाचून विनवायचा सण, पण नाच होता रेडिंगच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर आणि कडेला बर्गरची व्हॅन. ढोल आणि झांजा सुरू झाल्या, बायका-पुरुष गोल धरून नाचायला लागले. पाय पुढे, पाय मागे, हातांनी कधी बी पेरल्यासारखं, कधी पाखरानं पंख साफ केल्यासारखं. आमचे हे जोडे काढून थेट गोलात शिरले आणि सगळे उजवीकडे जात असताना एकटे डावीकडे गेले. तू मला ओढलंस. मी पायांकडे बघत नाचत होते, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. तू एवढ्या ढोलांच्या वरताण ओरडलीस, "पाय चुकू देत! मान वर!" मी मान वर केली आणि लगेच पुढच्या बाईच्या टाचेवर पाय दिला. तिनं मागे वळून मला "सेवा" म्हणून नमस्कार केला. इतक्या सभ्यपणे आजवर मला कुणी सॉरी म्हणायला लावलेलं नाही.

मग तो हिवाळा आला. तिकडे सांगलीत माझी आई वारली. फोन आला, तिकीट काढलं, आणि हीथ्रोला बर्फामुळे विमानं बंद. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आले ती अर्धीच आले. कामाला जायचे, स्वयंपाक करायचे, पण बोलणं बंद. ईशा मँचेस्टरला शिकायला गेलेली. जीपी डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या मी घेतल्या. तू आठवडाभर नुसती येऊन बसायचीस. पडद्यांवरून मी काही बोलले नाही, तेव्हा तू घाबरलीस. दाजूंना म्हणालीस, "हिची साया पार घोट्यापर्यंत आली आहे."

तुम्ही तुमच्या पुजाऱ्याला बोलावलंत. नाक्छोङ. मी त्यांना नाक्छोङ काका म्हणायला लागले. तेही निवृत्त सैनिक, एका शॉपिंग सेंटरमध्ये सिक्युरिटीत होते आणि ड्युटीवरून थेट आले, अंगात ते चमकणारं पिवळं जॅकेट. कोंबडा लागणार होता. मी जन्मात अंडं न फोडलेली बाई, मी नुसती तुझ्याकडे बघितलं. काका म्हणाले, "पूर्वज इथे आल्यापासून समजूतदार झालेत. आलं चालेल." रेल्वेच्या कुंपणाशी उगवणारी तितेपाती तू आणली होतीस, तिचा कडवट वास खोलीभर. मला तीन दगडांसमोर बसवलं. दाजूंनी काशाचं ताट वाजवायला घेतलं आणि काका म्हणायला लागले. नद्यांची नावं, डोंगरांची नावं, गेलेल्या माणसांची नावं. मग मध्येच मला "सांगली" ऐकू आलं. "कृष्णा" ऐकू आलं. आणि माझ्या आईचं नाव. तू त्यांना आधी सांगून ठेवलं होतंस. काकांनी हनुवटीखाली हात घालून माझं तोंड वर केलं, अजून वर, छतापर्यंत, आणि ताट घणघणलं. आई गेल्यापासून मी रडले नव्हते. तेव्हा रडले, वर बघत रडले. डोळ्यांतलं पाणी कानांत गेलं.

सगळं झालं. हलकं वाटलं. इतकं हलकं, की मला काकांचं काय करू आणि काय नको असं झालं. वडीलधारा माणूस, दिवसभर उभं राहून आलेला, माझ्यासाठी एवढं करतो. मी उठले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

खोलीत एकदम सगळे ओरडले. तू कपाळावर हात मारून घेतलास. दाजूंच्या हातातलं ताट खाली पडलं. दोन तास खपून वर चढवलेली माझी साया मी स्वतः, स्वखुशीनं, कार्पेटवर ओतली होती. काकांनी घड्याळ बघितलं, जॅकेटची चेन परत खाली ओढली आणि म्हणाले, "बसा. सगळं पुन्हा."

दुसऱ्या वेळी तू माझ्या मागे बसलीस, माझी वेणी मुठीत घट्ट धरून. विधी संपल्यावर मी काकांकडे वळले तशी ती खस्सकन ओढलीस. "डोळ्यात बघ," तू म्हणालीस. मी त्यांच्या डोळ्यात बघितलं. ते हसत होते. मग मीही हसले, मग दाजू, मग तू. आणि मी म्हटलं, "वहिनी, हे पडदे बदल गं." तू मान मागे टाकून हसलीस. ते उपकार मी तुला कधी बोलून दाखवले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आता दाखवते आहे. तू मला परत आणलंस, वहिनी. दोनदा, एकाच संध्याकाळी.

तुझ्या आजाराबद्दल मी काही लिहिणार नाही. त्याला एवढी किंमत कशाला द्यायची?

तुम्ही पुरता, आम्ही जाळतो, यावरूनही आपलं झालं होतं. "मातीखाली कोंडून घ्यायचं?" मी म्हणायचे. "सुम्निमा म्हणजे धरती. ती आमची आई. आईच्या कुशीत कुणी कोंडतं का?" तू म्हणायचीस. "आणि या थंडीत मला रजई हवी." कौन्सिलच्या दफनभूमीत तुला ठेवलं तेव्हा ऊन पडलं होतं. इथल्या शरदातलं ते पातळ ऊन. मी पुढे झाले, आणि सवयीनं वाकायला गेले, तेवढ्यात तुझा आवाज आठवला आणि थांबले. पुरती वाकले नाही आणि सरळही झाले नाही, तशीच मधोमध अडकले. मागून हे कुजबुजले, "काय गं, उसण भरली का?" मला हसू फुटलं. तुझ्या अंत्यविधीला मी हसले, आणि काकांनी ते पाहिलं, आणि त्यांना ते चालल्यासारखं दिसलं. कुंपणाशी नेटल उगवलेत, बरं का. कोवळे शेंडे आहेत. तुझी सोय झाली.

दाजू मात्र हसले नाहीत. घरी आले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. तीस वर्षं पलटणीत ताठ उभा राहिलेला माणूस, त्याची हनुवटी छातीला टेकलेली. मूलबाळ नाही. समाजातले लोक डबे आणत होते, ते तसेच परत जात होते. फायरप्लेसमध्ये राखसुद्धा नव्हती. एकदा मी गेले तर खोलीत सुटकेस उघडी, तिच्यात टॉवेल अंथरलेला, आणि टॉवेलवर पहिला दगड.

"बहिनी, मी गावी जातो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"गावी कोण आहे, दाजू?"

"कुणी नाही."

"मग?"

"इथे तरी कोण आहे?"

मला भयंकर राग आला. दुःख वगैरे नंतर आलं, आधी राग. मी म्हटलं, "मी काय मेले आहे? पूर्वजांना मला घरची म्हणून सांगितलंत, ते खोटं होतं का? पूर्वजांशी खोटं बोललात?" मी बॅगेकडे गेले, दगड उचलला आणि फायरप्लेसमध्ये त्याच्या जागी ठेवला. दाजू बघत राहिले. हात लावू नकोस असं म्हणाले नाहीत. मी तशीच बाहेर येऊन काकांना फोन केला. "काका, दाजूंची साया पडली. लवकर या. आणि जॅकेट काढून या, त्याच्या चमकण्यानं मला डोळ्यात बघता येत नाही."

काका काल आले. दाजूंना दगडांसमोर बसवलं. मी तितेपाती आणली, आल्याच्या चकत्या केल्या, तू जाडसर करायचीस तशा. मग काका म्हणाले, "ताट घरच्या माणसानं वाजवायचं." खोलीत तुमच्या समाजातले चार-पाच जण होते. मी मागे सरले. काकांनी ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं.

वहिनी, मी ते ताट वाजवलं! गणपतीच्या आरतीला झांज वाजवणारे हात आहेत हे, तुला माहीत आहेत. आवाज ऐकून मिसेस कॉलिन्स तिकडून पार तुमच्या दारापर्यंत आल्या, डोकावल्या आणि परत गेल्या. काका नद्या म्हणत होते, डोंगर म्हणत होते, तुझ्या माहेरचा डोंगर म्हणाले, तुझं नाव म्हणाले. दाजूंची हनुवटी काकांच्या हातावर होती आणि वर येत नव्हती. मी जोरात वाजवलं. मनातल्या मनात तुला म्हटलं, तुझा नवरा फार जड आहे गं, हात लाव. आणि मग ती हळूहळू वर आली. मिशी दिसली, डोळे दिसले. ते छताकडे बघत होते आणि त्यांच्या कानांत पाणी जात होतं.

संपलं. दाजू उठले, आजूबाजूला बघितलं, जणू आत्ताच कुठूनतरी आले आहेत. मग माझ्याकडे वळले. माझ्या हातातलं ताट पाहिलं. मी त्यांची धाकटी बहीण. आणि तो ताठ माणूस, जन्मात कुणापुढे न वाकलेला, दोन्ही हात जोडून माझ्यापुढे वाकायला लागला.

"अहो दाजू! वाकू नका!" मी किंचाळले. ताट टाकलं आणि त्यांचं कपाळ तळहातानं जिथल्या तिथे अडवलं. "सगळं पुन्हा करावं लागेल!"

मग काकांना हसू आलं. मग दाजूंच्या मिशीचं एक टोक हललं, मग दुसरं, आणि मग तो माणूस मान मागे टाकून हसला, अगदी तुझ्यासारखा. चाळीस वर्षांत तुझ्याकडून एवढं तरी उचललं म्हणायचं. हसता हसता म्हणाले, "ती मला काय म्हणाली असती, माहीत आहे?" मी विचारलं, "काय?" तर म्हणाले, "ते मला कधीच कळलं नसतं."

त्यांनी स्वतः चूल पेटवली. स्मोक अलार्म वाजला, आमच्या ह्यांनी स्टुलावर चढून तो बंद केला. दाजूंनी सिस्नूचं सूप केलं, पहिला चमचा तीन दगडांपुढे ठेवला, आणि पातेल्यात मीठ टाकलं. "झालं, बहिनी," म्हणाले, "आता खायचं." मीठ जास्त झालं होतं. मी बोलले नाही. हे म्हणाले, "बेस्ट सूप ऑफ माय लाइफ," आणि एवढ्या दिवसांच्या अळणीनंतर ते खरंच होतं. सुटकेस माडीवर गेली आहे.

निघताना मी त्या तीन दगडांपुढे उभी राहिले. मधल्यावर कुंकवाची ती छटा होती. सवयीनं कंबर सैल झाली. मी हात जोडले, तेवढे माझे. मान सरळ ठेवली, ती तुझी. आणि जिथे तुझे डोळे असतील असं वाटलं, तिथे बघितलं.

आजच्यापुरतं तू जिंकलीस, वहिनी. उद्या संकष्टी आहे, आणि गणपतीपुढे मी वाकणारच.